तबकड्यांची साक्ष

पाश्चात्त्य अभिजात संगीत आवडीने ऐकणाऱ्या आपल्याकडच्या माणसासमोर इंग्रजी संगीतकारांचा विषय काढावा, तर गप्पा फार वेळ टिकत नाहीत. बाख, मोझार्ट, बीथोव्हेन, ब्राम्स, चायकोव्हस्की यांच्या रचना त्याच्या कानात पक्क्या बसलेल्या असतात. इंग्लंडची पाळी आली की एल्गारचे एखादे लष्करी कूच आणि होल्स्टचे ‘द प्लॅनेट्स’ एवढ्यावर यादी आटोपते. यात त्याचा दोष थोडा. इंग्लंडला थोर संगीत नाही, हे मत त्याने युरोपातून तयार उचलले आहे. तिथे ते शंभराहून अधिक वर्षे रुजले आहे आणि खुद्द इंग्लंडमध्येही त्याला मानणारे पुष्कळ आहेत. मला हे मत साफ चुकीचे वाटते. त्याच्या खंडनासाठी माझा मुख्य आधार ध्वनिमुद्रिकांचा आहे. इंग्रजी संगीताचे पुनरुज्जीवन आणि ग्रामोफोनचा उदय एकाच काळात झाला, आणि म्हणूनच त्या संगीतकारांची साक्ष त्यांच्याच हातून नोंदली गेली आहे. ती साक्ष न तपासता निकाल दिला गेला, ही माझी तक्रार आहे.

प्रथम पूर्वपक्ष. तो चार कलमांत मांडता येतो. पहिले कलम असे, की १६९५ साली हेन्री पर्सेल वारला आणि १८९९ साली एल्गारचे ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’ आले. मधली दोनशे वर्षे इंग्लंडमध्ये संगीताचा दुष्काळ होता, आणि ज्या देशात असा दुष्काळ पडतो तिथल्या मातीतच संगीत नाही. दुसरे, एल्गारचे संगीत म्हणजे साम्राज्याचा डामडौल. साम्राज्य संपले, त्याबरोबर त्याचा अर्थही संपला. तिसरे, एल्गारनंतरचे संगीत म्हणजे लोकगीतांच्या चालींवर पोसलेली कुरणे, धुके आणि गतकाळाची हळहळ. एलिझाबेथ लुटयेन्स या इंग्रज संगीतकार बाईंनीच या परंपरेला गायरानातल्या शेणाच्या पोचे नाव देऊन मोडीत काढले. चौथे, इंग्रजी भाषा गाण्याला सोयीची नाही, म्हणून शूबर्ट-शुमानसारखी गीतपरंपरा तिथे उभी राहू शकली नाही. या सगळ्यावर शेवटचा शेरा असा, की हे संगीत इंग्रजच वाजवतात, इंग्रजच ऐकतात आणि त्याच्या ध्वनिमुद्रिका इंग्रजच विकत घेतात.

पूर्वपक्ष हास्यास्पद नाही. त्यात खऱ्या गोष्टी आहेत आणि त्या मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

पहिल्या कलमापासून सुरुवात करतो. ‘संगीत नसलेला देश’ हे बिरुद ऑस्कर श्मिट्झ या जर्मन लेखकाच्या १९१४ सालच्या पुस्तकाच्या नावामुळे सर्वतोमुखी झाले. पुस्तकाचा विषय इंग्रज समाज हा आहे. संगीतरचनांची चिकित्सा करून काढलेला तो निष्कर्ष नव्हे. पण पुस्तक विस्मरणात गेले आणि शीर्षक तेवढे निकालपत्र होऊन बसले. पर्सेलच्या तोडीचा संगीतकार पुढची दोनशे वर्षे तिथे जन्मला नाही, हे मला मान्य आहे. पण हँडेल आपल्या आयुष्याचा मोठा भाग लंडनमध्ये घालवतो, हायडन आपल्या शेवटच्या बारा सिंफन्या लंडनसाठी लिहितो, बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीसाठी लंडनची फिलहार्मोनिक सोसायटी पन्नास पौंड मोजते, मेंडेल्सझोनचे ‘एलायजा’ १८४६ साली पहिल्यांदा बर्मिंगहॅममध्ये गायले जाते. या देशाला संगीताची भूक होती, मंडळ्या होत्या, गायकवृंद होते आणि पैसाही होता. उणीव होती ती घरच्या थोर रचनाकाराची. ही उणीव १८९९नंतर भरून निघाली की नाही, हा प्रश्न त्यानंतरच्या रचना ऐकूनच सुटेल. आधीच्या दोनशे वर्षांचा हवाला देऊन सुटणार नाही.

आता दुसरे कलम, साम्राज्याच्या डामडौलाचे. इथे ध्वनिमुद्रिका थेट बोलतात. ग्रामोफोनकडे एल्गारइतक्या गांभीर्याने पाहणारा त्याच्या आधीचा एकही मोठा संगीतकार नाही. जानेवारी १९१४मध्ये त्याने आपली पहिली तबकडी मुद्रित केली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. वादकांना एका कर्ण्याभोवती दाटीवाटीने बसवत, खालचे स्वर उमटत नाहीत म्हणून डबल बेसच्या जागी पितळी वाद्य घेत आणि रचनेची निर्दय काटछाट करत. १९१६ साली मेरी हॉलने एल्गारच्याच संचालनाखाली वाजवलेला त्याचा व्हायोलिन कॉन्चेर्टो तबकडीच्या चार बाजूंत कोंबलेला आहे. पाऊण तासाहून मोठी रचना तिथे जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर आली. १९२५ साली विजेवर चालणारे मुद्रण आले आणि सत्तरीकडे झुकलेल्या एल्गारने आपल्या जवळजवळ सगळ्या मोठ्या वाद्यवृंदरचना नव्याने मुद्रित करायला घेतल्या. १९३१च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओचे उद्घाटन त्याच्याच हस्ते झाले. जानेवारी १९३४मध्ये तो वूस्टरला अंथरुणाला खिळलेला असताना त्याच्या खोलीपर्यंत टेलिफोनची तार जोडण्यात आली. स्टुडिओत लॉरेन्स कॉलिंगवूड वाद्यवृंदाचे संचालन करत होता आणि एल्गार उशीवरून सूचना देत होता. सुमारे महिन्याभराने तो वारला. आपला आवाज भावी पिढ्यांपर्यंत बिनचूक पोचावा याची इतकी तळमळ असलेल्या माणसाची साक्ष कानाआड कशी करायची?

या साक्षीतला एकच तुकडा जवळून पाहू. ‘एनिग्मा’मधला ‘निम्रॉड’ हा भाग आज इंग्लंडमध्ये राष्ट्रीय शोकाचे संगीत मानला जातो. नोव्हेंबरमधल्या हुतात्मा स्मरणाच्या समारंभात तो वाजतो, अंत्यविधींत वाजतो, आणि वाजतो तो अतिसंथ, जड पावलांनी. लिओनार्ड बर्नस्टाइनने १९८२ साली बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रिकेत तो पाच मिनिटांहून अधिक चालतो. आता एल्गारने स्वतः १९२६ साली केलेली तबकडी लावावी. तोच भाग तीन मिनिटांच्या आत संपतो. तंतुवाद्यांचे स्वर मींड घेत एकमेकांत मिसळतात, लय श्वासासारखी मागेपुढे होते, शेवटचा उत्कर्ष येतो तो कुठेही ताठर न होता. हे थडग्यापुढचे संगीत वाटत नाही. एका मित्राने दुसऱ्याला धीर दिल्याचे ऐकू येते, आणि रचनेमागची हकीकतही तीच आहे. ‘निम्रॉड’ म्हणजे एल्गारचा प्रकाशनव्यवहार सांभाळणारा मित्र ऑगस्ट येगर, मूळचा जर्मन. हताश झालेल्या एल्गारला त्याने बीथोव्हेनचे उदाहरण देऊन सावरले होते, त्या संभाषणाची ही आठवण आहे. साम्राज्याचा तिथे मागमूस नाही.

इथे प्रतिपक्षाकडून एक चांगला आक्षेप येतो. जुन्या तबकडीच्या एका बाजूत चार-साडेचार मिनिटेच मावत, म्हणून वादकांना घाई करावी लागे; त्या घाईला संगीतकाराचा हेतू कसे समजायचे? सर्वसाधारणपणे हा इशारा योग्य आहे आणि काही तबकड्यांना तो लागूही पडतो. ‘निम्रॉड’ला तो लागू पडत नाही. बारा इंची तबकडीच्या एका बाजूत तो याहून बराच सावकाश वाजवूनही मावला असता. शिवाय छापील संहितेवर मेट्रोनोमचा आकडा ५२ आहे. तो काटेकोर पाळला तर हा भाग तबकडीपेक्षाही लवकर संपतो. म्हणजे कागद आणि तबकडी दोन्ही एकच सांगतात. जडपणा नंतर आला. तो समारंभांनी आणला, आणि आपण त्याचा बोजा एल्गारच्या माथी मारला. मूळ हंगेरीच्या गेऑर्ग शोल्टीने १९७२ साली एल्गारची पहिली सिंफनी मुद्रित करण्यापूर्वी या जुन्या तबकड्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि तिची लय पुन्हा चपळ केली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. धक्का बसण्याचे कारण नव्हते. पुरावा चाळीस वर्षे कपाटात पडून होता.

एल्गारच्या दुसऱ्या सिंफनीची त्याची स्वतःची १९२७ सालची ध्वनिमुद्रिका ऐकली, तर डामडौलाचा आरोप आणखी लंगडा पडतो. तिसऱ्या भागात तालवाद्यांचा घणाघात वाढत वाढत सगळ्या वाद्यवृंदाला गिळून टाकतो, आणि शेवटचा भाग विजयाचा जल्लोष न करता मावळत जातो. १९११ साली, साम्राज्य ऐन भरात असताना, असा शेवट करणारा माणूस त्या साम्राज्याचा भाट कसा? कूच त्याने लिहिली, ती लोकप्रिय झाली आणि त्याला पैसाही मिळाला. पण सिंफन्यांचे मोल कूचांवरून ठरवणे हा न्याय नव्हे.

तिसरे कलम सर्वांत लोकप्रिय आहे: कुरणे, धुके, हळहळ. त्याचा मुख्य आरोपी रेफ व्हॉन विल्यम्स, आणि मुख्य पुरावा म्हणून पुढे केली जाते ती त्याची ‘पास्टोरल सिंफनी’. १९२२ साली ती पहिल्यांदा वाजली तेव्हा नाव ऐकून समीक्षकांच्या डोळ्यांपुढे इंग्लंडची हिरवळ आली, आणि आजही पुष्कळांच्या येते. वस्तुस्थिती अशी की महायुद्ध सुरू झाले तेव्हा बेचाळिशीला आलेला हा माणूस सैन्याच्या वैद्यकीय दलात भरती झाला. १९१६ साली तो उत्तर फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर होता आणि रात्री-अपरात्री आघाडीवरून जखमींना आणत होता. या सिंफनीची कल्पना त्याला तिथे सुचली. त्याच्या मनातला देखावा त्या उद्ध्वस्त मुलखावरच्या संध्याकाळचा होता, हे त्याने पुढे पत्रात स्वतःच स्पष्ट केले. दुसऱ्या भागात एक ट्रम्पेट एकटेच वाजू लागते. त्याने खटके न दाबता केवळ नैसर्गिक स्वरमालिकेवर वाजवावे, अशी सूचना आहे. त्या मालिकेतला सातवा स्वर पियानोच्या स्वराहून किंचित उतरलेला असतो, म्हणून कानाला तो बेसूर नसला तरी परका लागतो. छावणीत सराव करणारा एक बिगुलवाला सप्तकाची उडी घेताना चुकून या सातव्या स्वरावर थांबत असे, ती ही आठवण. एड्रियन बोल्टची १९५२ सालची ध्वनिमुद्रिका किंवा आंद्रे प्रेव्हिनची नंतरची, कोणतीही घ्यावी आणि हा तुकडा कान देऊन ऐकावा. ज्या कानांना इथे हिरवळ ऐकू येते, त्यांनी संगीताआधी शीर्षक ऐकले आहे.

याच माणसाची चौथी सिंफनी १९३५ साली आली. तिची सुरुवातच शेजारशेजारच्या दोन स्वरांच्या कर्कश घर्षणाने होते. ऑक्टोबर १९३७मध्ये बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर व्हॉन विल्यम्सने स्वतः ती मुद्रित केली. सगळी रचना अर्ध्या तासाच्या आसपास उरकते. नंतरच्या बहुतेक संचालकांनी तिला यापेक्षा अधिक वेळ दिला आहे. या तबकड्यांत जो संताप आहे तो पाहुण्यांना खपवून घ्यायला सोपा जावा म्हणून कुठेही पातळ केलेला नाही. त्याच काळात विल्यम वॉल्टनची पहिली सिंफनी पूर्ण झाली. हॅमिल्टन हार्टीने डिसेंबर १९३५मध्ये, संपूर्ण रचनेच्या पहिल्या प्रयोगानंतर सुमारे महिन्याभराने, ती डेकासाठी मुद्रित केली. तिच्या दुसऱ्या भागावर संगीतकाराने इटालियन भाषेत सूचना दिली आहे ती ‘दुष्टाव्याने’ वाजवण्याची. लोकगीतांवर रेंगाळणाऱ्या साध्याभोळ्या मेंढपाळांचे हे संगीत आहे, असे म्हणणाऱ्याने या दोन ध्वनिमुद्रिका लागोपाठ ऐकाव्यात. मग वाद घालायला बसू.

गुळगुळीत, गोड कुरणसंगीत इंग्लंडमध्ये लिहिलेच गेले नाही, असे मी म्हणत नाही. ते लिहिले गेले आणि त्याच्याही ध्वनिमुद्रिका आहेत. पण कोणत्याही परंपरेची परीक्षा तिच्या उत्तम रचनांवरून होते. दुय्यम जर्मन सिंफन्यांवरून कोणी जर्मन संगीताचा निकाल लावत नाही.

चौथे कलम गीतांचे. इंग्रजीत व्यंजने दाटीवाटीने येतात, स्वर वळणावळणाने उच्चारले जातात, म्हणून ती भाषा गळ्याला सोयीची नाही, हा युक्तिवाद पर्सेलपुढेच कोसळतो. त्याच्या ‘डायडो अँड ईनियस’मधला डायडोचा विलाप जॅनेट बेकरने १९६१ साली गायलेल्या ध्वनिमुद्रिकेत ऐकावा. खालच्या सुरात पाच मापांची एक उतरती ओळ पुन्हापुन्हा फिरत राहते, अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली सरकत. वरचे गाणे मात्र त्या फेऱ्याशी जुळवून घेत नाही. तालाच्या आवर्तनात समेवर येण्याची वाट पाहावी आणि गायकाने मुखडा सम ओलांडून पुढे न्यावा, तसे डायडोचे वाक्य खालची ओळ संपली तरी चालू राहते आणि नवी ओळ सुरू झाल्यावर मध्येच थांबते. मरण ठरलेले आहे, तरी बोलणे अपुरे आहे, हे या एका रचनायुक्तीने सांगितले जाते. इंग्रजी शब्दांचा आघात आणि लांबी-आखूडपणा अचूक ओळखल्याशिवाय हे शक्य नव्हते. त्याच्याही जवळजवळ शंभर वर्षे आधी, १५९७ साली, जॉन डाउलंडचे ल्यूटवरच्या गीतांचे पहिले पुस्तक निघाले होते. म्हणजे परंपरा होती. ती खंडित झाली, एवढेच.

विसाव्या शतकात ती कोणत्या परिस्थितीत पुन्हा सुरू झाली, तेही पाहिले पाहिजे. जॉर्ज बटरवर्थने हाउसमनच्या सहा कवितांना १९११च्या सुमारास चाली दिल्या. त्यांतल्या एका गीतात मेलेला तरुण आपल्या जिवंत मित्राला गावाकडची खुशाली विचारतो. मृताचे प्रश्न अगदी हलक्या आवाजात आणि उतरत्या स्वरसंघांवर, मित्राची उत्तरे मोकळ्या, धडधाकट आवाजात. आणि शेवटच्या उत्तरानंतर पियानो पुन्हा मृताच्या स्वरांवर जातो आणि प्रश्न तसाच लोंबकळत ठेवून थांबतो. ब्रिन टेर्फेलने १९९५ साली डॉइच ग्रामोफोनसाठी केलेल्या ‘द व्हॅगाबाँड’ या ध्वनिमुद्रिकेत ही सहा गीते आहेत. वेल्सच्या या बुलंद आवाजाने मृताच्या ओळी जेवढ्या दबक्या गायल्या आहेत तेवढ्याच त्या अंगावर येतात. बटरवर्थ ऑगस्ट १९१६मध्ये सोमच्या लढाईत गोळी लागून पडला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. आयव्हर गर्नीने काही गीते आघाडीवरच लिहिली. तो जिवंत परतला, पण १९२२पासून १९३७ साली मरण येईपर्यंत मनोरुग्णालयातच राहिला. या गीतांत शेते, नद्या आणि गावे येतात, हे खरे. ती निवांत बसून केलेली हळहळ नाही. जे हातून जाणार आहे किंवा गेले आहे, त्याची ती मोजदाद आहे.

पुढे बेंजामिन ब्रिटनने ही परंपरा जगासमोर नेली. त्याची टेनर, हॉर्न आणि तंतुवाद्यांसाठीची ‘सेरेनेड’ १९४३ची. पुढच्याच वर्षी पीटर पिअर्स आणि डेनिस ब्रेन यांनी ती त्याच्या संचालनाखाली डेकासाठी मुद्रित केली. हिच्या आरंभीही हॉर्नला नैसर्गिक स्वरमालिकेवर एकट्याने वाजवायचे आहे आणि इथेही काही स्वर पियानोच्या पट्ट्यांत बसत नाहीत. वीस वर्षांनी आले ते ‘वॉर रिक्विम’. कॉव्हेंट्रीत १९६२ साली झालेल्या पहिल्या प्रयोगाला रशियन गायिका गालिना विश्नेव्हस्कायाला सोव्हिएत सरकारने येऊ दिले नाही. जानेवारी १९६३मध्ये ध्वनिमुद्रणासाठी मात्र ती आली, आणि ब्रिटनच्या मनात होते तसे इंग्रज पिअर्स, जर्मन फिशर-डिस्काउ आणि रशियन विश्नेव्हस्काया हे तीन एकेकाळचे युद्धग्रस्त देश एकत्र गायले. पहिल्या पाच महिन्यांत या संचाच्या दोन लाख प्रती खपल्या. रणांगणावर मेलेल्या कवीच्या इंग्रजी कविता आणि लॅटिन प्रार्थना यांची गुंफण असलेली दीड तासाची रचना एवढी विकली जाते, तेव्हा भाषा गाण्याला सोयीची नाही हे म्हणणे कोणी ऐकायचे?

आता शेवटचा शेरा: हे संगीत इंग्रजांपुरतेच आहे. त्यातला खरा अंश आधी सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वॉल्टन, मोरन, बॅक्स यांच्या मोठ्या रचनांच्या तबकड्या ब्रिटिश कौन्सिलच्या, म्हणजे सरकारी, पाठबळावर निघाल्या. रिचर्ड इटर या रसिकाने १९५९ साली सुरू केलेल्या लिरिटा या लहानशा कंपनीनेही विस्मरणात गेलेल्या कित्येक इंग्रज संगीतकारांना स्वदेशप्रेमापोटीच हात दिला. आपल्या माणसांची बूज राखण्यात मला गैर काही दिसत नाही. पण सरकार तबकडी काढू शकते, परक्या संचालकाच्या मनात ती रचना वाजवण्याची ओढ निर्माण करू शकत नाही. ‘एनिग्मा’ प्रथम वाजवली ती हान्स रिख्टर या वॅग्नरच्या सहकाऱ्याने. १९०८ साली एल्गारची पहिली सिंफनीही त्यानेच मँचेस्टरला सादर केली, आणि साधारण वर्षभरात व्हिएन्ना, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग, न्यूयॉर्क धरून तिचे शंभराच्या आसपास प्रयोग झाले. ‘एनिग्मा’च्या तोस्कानिनी आणि मोंत यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत. एल्गारची दुसरी सिंफनी मॉस्कोत स्वेतलानोव्हने वाजवली आणि बर्लिनमध्ये बारेनबॉइमने. व्हॉन विल्यम्सच्या नऊही सिंफन्या सोव्हिएत वाद्यवृंदाकडून रोझ्देस्त्वेन्स्कीने १९८०च्या दशकाच्या अखेरीस वाजवून घेतल्या. ‘द प्लॅनेट्स’ व्हिएन्नाच्या वादकांसह कारायानने १९६१ साली मुद्रित केले आणि लॉस एंजेलिसच्या वादकांसह आपल्या मुंबईच्या झुबिन मेहता यांनी १९७१ साली. झुबिन यांचे वडील मेहली मेहता यांनी मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि नंतर काही वर्षे मँचेस्टरच्या हाले ऑर्केस्ट्रात बार्बिरॉलीच्या हाताखाली व्हायोलिन वाजवले. ग्रामोफोनचा धागाही असाच सगळीकडे पोचलेला आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित करणारा फ्रेड गेसबर्ग हाच १९३२ साली सोळा वर्षांच्या यहुदी मेन्युहिनला पंचाहत्तरीच्या एल्गारपुढे ॲबी रोडवर घेऊन आला. त्या व्हायोलिन कॉन्चेर्टोची ध्वनिमुद्रिका आजही विकत मिळते. एक अमेरिकन मुलगा आणि एक अमेरिकन निर्माता यांच्यावाचून ती झालीच नसती.

इथवर खंडन झाले. आता मंडन. इंग्रजी संगीत कुरण नाही आणि डामडौलही नाही, तर मग त्याचा स्वतःचा असा गुण कोणता? माझ्या मते तो एका विशिष्ट घर्षणात आहे, आणि ते सोळाव्या शतकापासून ऐकू येते. थॉमस टॅलिस आणि विल्यम बर्ड यांच्या समूहगीतांत ओळ संपत येते तेव्हा एका आवाजात शुद्ध निषाद वर षड्जाकडे चढत असतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या आवाजात कोमल निषाद खाली उतरत असतो. दोन्ही आवाज आपापल्या वाटेने बरोबर आहेत, तरी एकत्र येतात तेव्हा ठिणगी पडते. इटलीच्या त्या काळच्या रचनाकारांनी अशी घर्षणे हळूहळू घासून काढली. इंग्रजांनी ती जपली, आणि पर्सेलने तर त्यांतून दुःखाची भाषाच घडवली. व्हॉन विल्यम्सने १९०६च्या ‘इंग्लिश हिम्नल’साठी जुन्या चाली शोधताना टॅलिसची एक चाल निवडली आणि १९१० साली तिच्यावर तंतुवाद्यांची ‘फँटेशिया’ रचली. होल्स्टने १९११ साली पर्सेलचे ‘द फेअरी क्वीन’ सतराव्या शतकानंतर पहिल्यांदा सादर केले. म्हणजे दोनशे वर्षांच्या खंडावर त्यांनी जो पूल बांधला, तो याच घर्षणावरून गेला.

याची सर्वांत नितळ खूण आपल्या ओळखीच्या कथेत सापडते. होल्स्टने ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली देता याव्यात म्हणून संस्कृत शिकून घेतले, स्वतः भाषांतरे केली आणि १९०८ साली महाभारतातल्या कथेवर ‘सावित्री’ हा अर्ध्या तासाचा ऑपेरा लिहिला. त्यात तीन पात्रे, मोजके वादक आणि पडद्याआड स्त्रियांचा निःशब्द गायकवृंद आहे. आरंभी एकही वाद्य नाही. दुरून मृत्यूचा आवाज येतो, त्याच्या बरोबरीने सावित्री गाऊ लागते, आणि दोघांच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. सावित्री यमाच्या सुरात सूर मिळवत नाही. त्याच्यासोबत चालते आणि आपला सूर सोडत नाही. १९६५ साली जॅनेट बेकरने इमोजेन होल्स्टच्या संचालनाखाली केलेल्या ध्वनिमुद्रिकेत हे पहिले मिनिट ऐकावे. कथेचा सगळा गाभा त्या दोन पट्ट्यांच्या अंतरात आहे.

व्हॉन विल्यम्सच्या चौथ्या सिंफनीचे पहिले कर्कश स्वर, बिगुलाचा उतरलेला सातवा स्वर, बटरवर्थच्या गीतातला न मिटलेला प्रश्न, ब्रिटनच्या हॉर्नचे पट्टीबाहेरचे स्वर या सगळ्यांच्या मुळाशी हीच वृत्ती आहे: दोन खऱ्या गोष्टी एकमेकींशी जुळत नसतील तर त्या न जुळलेल्याच ऐकवायच्या. जर्मन सिंफनीचा मोठेपणा संघर्ष मिटवण्यात आहे. इंग्रजी संगीताचा मोठेपणा तो न मिटवता सुरेल ठेवण्यात आहे. बीथोव्हेनच्या मापाने मोजले तर तो उणेपणा वाटेल, आणि एवढी वर्षे तेच होत आले. माप चुकीचे होते. ही साक्ष आता दुर्मीळही राहिलेली नाही. एल्गारच्या १९२६च्या ‘एनिग्मा’पासून बेकरच्या ‘सावित्री’पर्यंत इथे उल्लेखलेल्या बहुतेक ध्वनिमुद्रिका घरबसल्या मिळतात. ज्याला माझे म्हणणे पटले नसेल त्याने त्या ऐकून मला उत्तर द्यावे. न ऐकता दिलेला जुना निकाल मात्र यापुढे कोणी पुराव्यादाखल पुढे करू नये.